बेसएक्स चालू होते, पण खिडकीत तयार केलेला डेटाबेस सर्व्हरवर दिसत नाही

पत्रसूची
(प्रश्न)

नमस्कार. जुन्या हस्तलिखित पत्रांच्या लिप्यंतरांचा एक संग्रह मी एक्सएमएल स्वरूपात सांभाळते. सुमारे १२,००० फायली आहेत, प्रत्येक फायलीत एक पत्र आहे आणि सर्व फायली टीईआयच्या, म्हणजे मजकुराचे भाग चिन्हांकित करण्याच्या एका प्रमाण पद्धतीच्या, नियमांनुसार चिन्हांकित केलेल्या आहेत. आतापर्यंत फोल्डरमध्ये साधा शब्दशोध करून काम भागत होते. परंतु अमुक व्यक्तीने अमुक वर्षी लिहिलेली आणि अमुक गावाचा उल्लेख असलेली पत्रे हवी असली, की शब्दशोध तोकडा पडतो. म्हणून एखादी हलकी, आपल्याच संगणकावर चालणारी एक्सएमएल डेटाबेस प्रणाली वापरायचे ठरवले आणि बेसएक्स निवडले. ते जावामध्ये लिहिलेले आहे, २००७ पासून खुल्या स्रोताचे आहे आणि त्याची झिप फाइल उघडली की झाले, वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही, एवढे वाचून मी सुरुवात केली.

पहिली अडचण जावाची आली. झिपमधील 'बिन' फोल्डरातली 'बेसएक्सजीयूआय' ही स्क्रिप्ट चालवताच टर्मिनलवर एक लांबलचक संदेश आला. त्याचा आशय असा होता, की हा वर्ग ५५.० या आवृत्तीचा आहे आणि तुमची जावा ५२.० पर्यंतच ओळखते. मी जावा १७ इन्स्टॉल केली, तरी संदेश तोच राहिला. मग बेसएक्सची सुटी जार फाइल (जावा प्रोग्रामची एकत्र बांधलेली फाइल) उतरवून घेतली, तिच्यावर दोनदा क्लिक केले आणि खिडकी उघडली. त्या खिडकीत 'पत्रे' नावाचा डेटाबेस तयार केला. सर्व फायली आत गेल्या, कागदपत्रांची संख्याही बरोबर दिसली. तेथील आज्ञापट्टीत अ‍ॅडमिनचा पासवर्डही ठरवून टाकला.

त्यानंतर पाथमधील (प्रणाली ज्या फोल्डरांत आज्ञा शोधते त्यांच्या यादीतील) जुन्या जावाची नोंद मला सापडली. ती काढल्यावर झिपमधील स्क्रिप्टही चालू लागल्या. परंतु 'बेसएक्सएचटीटीपी' चालवून ब्राउझरमधून प्रवेश करू पाहते, तर मी ठरवलेला पासवर्ड नाकारला जातो. एका मार्गदर्शिकेत नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन आणि पोर्ट (संगणकावरील जोडणीचा क्रमांक) ८९८४ असे दिले होते. त्या पोर्टवर काहीच उघडत नाही आणि तो पासवर्डही चालत नाही. टर्मिनलवर 'बेसएक्स' चालवून 'लिस्ट' ही आज्ञा दिली, तर डेटाबेसांची यादी रिकामी येते. खिडकीत मात्र 'पत्रे' अजूनही व्यवस्थित उघडतो.

माझा डेटा नेमका आहे कोठे? आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असेल, तर कोणत्या क्रमाने करावी?

(आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या असतात.)


जावावाट
(उत्तर)

तुमचा डेटा सुरक्षित आहे. मात्र तुमच्या संगणकावर आता बेसएक्सची दोन घरे झाली आहेत आणि दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. डेटाबेस न दिसणे आणि पासवर्ड न चालणे या दोन्ही तक्रारींचे कारण हे एकच आहे.

बेसएक्स चालू होताना सर्वप्रथम स्वतःचे होम फोल्डर ठरवते. ज्या फोल्डरमधून तुम्ही ते चालवले, त्यात 'डॉट बेसएक्स' किंवा 'डॉट बेसएक्सहोम' नावाची फाइल आहे का, हे ते पाहते. तेथे नसेल, तर जार फाइल जेथे ठेवलेली आहे त्या फोल्डरमध्ये पाहते. दोन्हीकडे नसेल, तर वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये 'बेसएक्स' नावाचा नवा फोल्डर करून तेथे बस्तान बसवते. झिपमध्ये 'डॉट बेसएक्सहोम' ही फाइल आधीपासून असते. ती रिकामीच असते, केवळ खूण म्हणून ठेवलेली, आणि अनेकांना ती दिसतही नाही, कारण ठिपक्याने सुरू होणाऱ्या फायली काही प्रणालींवर लपलेल्या असतात. सुटी जार उतरवली की तिच्यासोबत ही खूण येत नाही. त्यामुळे तुमच्या खिडकीने 'पत्रे' हा डेटाबेस वापरकर्त्याच्या होम फोल्डरखाली तयार केला आणि झिपमधील सर्व्हर स्वतःच्या, अजून रिकाम्या असलेल्या 'डेटा' फोल्डरकडे पाहत बसला.

पासवर्डचेही तसेच झाले. वापरकर्त्यांची माहिती त्याच 'डेटा' फोल्डरमधील 'यूजर्स' नावाच्या एका एक्सएमएल फायलीत साठवली जाते. पासवर्ड तेथे उघड लिहिलेला नसतो, त्याचे हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड ओळखता येत नाही असे रूपांतर, असतात. तुम्ही खिडकीत ठरवलेला पासवर्ड पहिल्या घराच्या फायलीत गेला. दुसऱ्या घरात अ‍ॅडमिन हा वापरकर्ता आहे, परंतु त्याला पासवर्डच दिलेला नाही. दहाव्या आवृत्तीपासून बेसएक्सने ठरावीक पासवर्ड देणे बंद केले आहे. जोपर्यंत तुम्ही स्वतः तो ठरवत नाही, तोपर्यंत सर्व्हरवर अ‍ॅडमिनला प्रवेशच नाही. हा बदल मला फार योग्य वाटतो, कारण पूर्वी कितीतरी सर्व्हर अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन याच जोडीवर वर्षानुवर्षे चालत राहत.

याची खात्री करून घ्यायची असेल, तर खिडकीतील आज्ञापट्टीत आणि टर्मिनलवरील 'बेसएक्स'मध्ये 'गेट डीबीपाथ' ही एकच आज्ञा द्या. दोन वेगळे पत्ते येतील.

आता क्रमाबद्दल. प्रथम खिडकी बंद करा आणि सुटी जार फाइल बाजूला काढून ठेवा, ती पुन्हा वापरू नका. त्या जारमध्ये डेटाबेस आणि खिडकी आहे, परंतु वेब सर्व्हरला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या झिपच्या 'लिब' फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे तुमच्या कामाला ती तशीही पुरेशी नव्हती. झिप अशा फोल्डरमध्ये उघडलेली असू द्या, की जेथे तुमच्या नेहमीच्या वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी आहे. प्रणालीच्या संरक्षित फोल्डरमध्ये ती ठेवली, तर 'डेटा'त काही लिहिता न आल्यामुळे नव्याच अडचणी उभ्या राहतात. त्यानंतर टर्मिनलवर 'बेसएक्सएचटीटीपी -सी पासवर्ड' असे द्या. येथे शेवटचा शब्द 'पासवर्ड' हाच टंकायचा आहे, कारण ते आज्ञेचे नाव आहे. खरा पासवर्ड तुम्हाला पुढे विचारला जाईल आणि त्यामुळे तो टर्मिनलच्या इतिहासात उमटणार नाही.

'पत्रे' डेटाबेस नव्या घरात आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या घरात 'क्रिएट बॅकअप पत्रे' दिले, की त्या घराच्या 'डेटा' फोल्डरमध्ये डेटाबेसचे नाव, तारीख आणि वेळ असलेली एक झिप तयार होते. ती दुसऱ्या 'डेटा' फोल्डरमध्ये ठेवून 'रिस्टोर पत्रे' द्यावे. दुसरा मार्ग म्हणजे मूळ फायलींवरून 'क्रिएट डीबी पत्रे' आणि पुढे फोल्डरचा पत्ता देऊन डेटाबेस नव्याने बांधणे. तुमच्या बाबतीत मी दुसरा मार्ग सुचवेन. पत्रांच्या १२,००० लहान फायली हे बेसएक्ससाठी फार मोठे काम नाही, आणि डेटाबेस मूळ फायलींवरून केव्हाही पुन्हा उभा करता येतो हे एकदा स्वतः करून पाहिले, की पुढे प्रयोग करताना मन घट्ट राहते. एखादी फाइल सदोष असेल, तर संपूर्ण आज्ञाच थांबते. तसे झाल्यास 'सेट स्किपकरप्ट ट्रू' देऊन बांधणी पूर्ण करता येते, परंतु मग कोणत्या फायली वगळल्या गेल्या हे न तपासता पुढे जाऊ नका. संग्रहाच्या कामात निमूटपणे गळालेले एक पत्रसुद्धा महागात पडते.

जावाबद्दल थोडेसे, कारण हा संदेश पुष्कळांना अडवतो. ५२ म्हणजे जावा ८ आणि ५५ म्हणजे जावा ११. बेसएक्सच्या नवव्या आवृत्तीला जावा ८ पुरत होती, दहाव्या आवृत्तीला किमान ११ लागते. नवी जावा टाकूनही संदेश बदलला नाही, याचा अर्थ टर्मिनलला पाथमध्ये जुनी जावा आधी सापडत होती. 'जावा -व्हर्शन' ही आज्ञा त्याच टर्मिनलमध्ये देऊन पाहणे, हीच याची खरी चाचणी आहे. आणि पाथ बदलल्यानंतर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडावे लागते, अन्यथा जुनाच पाथ वापरला जातो.


बंदरपाल
(उत्तर)

जावावाट यांनी मूळ गाठ सोडवली आहे. मी केवळ सर्व्हर चालू-बंद करण्याविषयी आणि पोर्टविषयी लिहितो.

तुमच्या हाती आलेली मार्गदर्शिका दहाव्या आवृत्तीपूर्वीची आहे. तेव्हा वेब सर्व्हर ८९८४ या पोर्टवर चालू होत असे. दहाव्या आवृत्तीपासून तो ८०८० वर चालू होतो. डेटाबेस सर्व्हरचा १९८४ हा पोर्ट मात्र तोच राहिला आहे. 'बेसएक्सएचटीटीपी' चालवल्यावर टर्मिनलवर या दोन्ही पोर्टांचे क्रमांक छापले जातात. कोणत्याही मार्गदर्शिकेपेक्षा त्या ओळींवर विश्वास ठेवावा. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, ८०८० आणि पुढे 'डीबीए' असा पत्ता दिला, की व्यवस्थापनाचे पान उघडते आणि तेथूनच डेटाबेस पाहता येतात, प्रश्न (क्वेरी) चालवता येतात.

८०८० हा पोर्ट टॉमकॅट हा वेब सर्व्हर आणि एक्झिस्ट-डीबी ही एक्सएमएल डेटाबेस प्रणाली यांचाही ठरलेला पोर्ट आहे. यांपैकी काही संगणकावर आधीच चालू असेल, तर पोर्ट वापरात असल्याचा संदेश येईल. त्या वेळी '-एच' आणि त्याला जोडून दुसरा क्रमांक देऊन वेब सर्व्हर वेगळ्या पोर्टवर चालू करता येतो. आणखी एक चूक नेहमी होते, ती अशी की आधी 'बेसएक्ससर्व्हर' चालवायचा आणि मग 'बेसएक्सएचटीटीपी'. दुसरी आज्ञा डेटाबेस सर्व्हरही स्वतःच चालू करते, त्यामुळे १९८४ वर दोघांची टक्कर होते. तुम्हाला ब्राउझर हवा आहे, तेव्हा एकटी 'बेसएक्सएचटीटीपी' पुरेशी आहे.

टर्मिनल अडवून न ठेवता पार्श्वभूमीत चालवण्यासाठी मोठ्या लिपीतील एस, म्हणजे '-एस', द्यावा. बंद करण्यासाठी 'बेसएक्सएचटीटीपीस्टॉप' ही स्वतंत्र स्क्रिप्ट आहे. टर्मिनलची खिडकी फुलीवर दाबून बंद करण्याची सवय कृपया लावून घेऊ नका. डेटाबेसमध्ये लेखन चालू असताना प्रक्रिया मध्येच तुटली, तर तो अर्धवट स्थितीत राहू शकतो.

शेवटी सुरक्षिततेचा मुद्दा. 'डॉट बेसएक्स' या सेटिंगच्या फायलीत 'सर्व्हरहोस्ट' हा पर्याय रिकामा असेल, तर १९८४ वरील डेटाबेस सर्व्हर संगणकाच्या सर्व नेटवर्क पत्त्यांवर ऐकत राहतो. एकट्याने काम करायचे असल्यास तेथे 'लोकलहोस्ट' लिहून ठेवावे. वेब सर्व्हरची अशीच सेटिंग 'वेबअ‍ॅप' फोल्डरखालील जेट्टी या अंतर्गत वेब सर्व्हरच्या फायलीत असते.


पत्रसूची
(प्रश्नकर्तीचा प्रतिसाद)

दोघांचेही मनापासून आभार. 'गेट डीबीपाथ'ने खरोखरच दोन वेगळे पत्ते दाखवले. मूळ फायलींवरून 'पत्रे' नव्याने बांधला, पासवर्ड ठरवला आणि डीबीएच्या पानावर तो दिसू लागला. दोन फायली सदोष निघाल्या. दोन्हींमध्ये अँपरसँडचे चिन्ह उघडे राहिले होते. ते दुरुस्त केले आणि त्यानंतर काहीही न वगळता बांधणी पूर्ण झाली.

आता आणखी दोन गोष्टी अडल्या आहेत. सर्व्हर चालू असताना झिपमधील खिडकीतून एका पत्राची चुकलेली तारीख दुरुस्त करायला गेले, तर हा डेटाबेस दुसऱ्या प्रक्रियेने उघडलेला आहे असा संदेश आला. आणि दुसरे म्हणजे सर्व स्थलनामे मिळवण्यासाठी दोन तिरप्या रेघा आणि पुढे 'प्लेसनेम' एवढा साधा प्रश्न दिला, तर एकही उत्तर येत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. फायलींमध्ये तर हा घटक जागोजागी आहे.


अनुक्रमणी
(उत्तर)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण टीईआयच्या फायली घेऊन एक्सक्वेरीकडे, म्हणजे एक्सएमएलमध्ये शोध घेण्याच्या भाषेकडे, येणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी येथे अडकतात आणि काहींचा समज होतो की डेटाबेसच बिघडला.

तुमच्या कोणत्याही पत्राची फाइल उघडून मूळ घटक पाहा. तेथे 'एक्सएमएलएनएस' असे लिहून टीईआयचा नेमस्पेस (घटकांची नावे कोणत्या नियमसंचातील आहेत हे सांगणारा पत्ता) जाहीर केलेला असेल. ही घोषणा एकदाच, फायलीच्या अगदी वर असते आणि डोळा तिच्यावरून सहज घसरतो, परंतु तिचा अंमल आतील प्रत्येक घटकावर असतो. म्हणजे तुमच्या फायलीतील घटक नुसता 'प्लेसनेम' नाही, तो टीईआय नेमस्पेसमधील 'प्लेसनेम' आहे. तुमचा प्रश्न कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेला 'प्लेसनेम' मागतो. तसा घटक संग्रहात एकही नाही, म्हणून रिकामे उत्तर हेच बरोबर उत्तर आहे आणि चूक झाल्याचा संदेश येण्याचे कारणच नाही.

यावर उपाय म्हणजे प्रश्नाच्या पहिल्या ओळीत 'डिक्लेअर नेमस्पेस' लिहून 'टीईआय' हा उपसर्ग त्या पत्त्याला बांधावा आणि पुढे प्रत्येक घटकाच्या नावाआधी 'टीईआय' आणि अपूर्णविराम लावावा. नेमस्पेसचा पत्ता हाताने टंकू नका, फायलीतून जसाच्या तसा उचला. त्यातील एक अक्षर किंवा शेवटचा एक तिरपा दंड इकडेतिकडे झाला, तरी पुन्हा रिकामेच उत्तर येते. घाईच्या वेळी उपसर्गाच्या जागी तारका लावून 'कोणत्याही नेमस्पेसमधील प्लेसनेम' असेही मागता येते. नुसती चाचपणी करायची असेल, तर तेवढे पुरते. बेसएक्समध्ये डेटाबेस बांधतानाच सर्व नेमस्पेस काढून टाकणारा 'स्ट्रिपएनएस' हा पर्याय आहे आणि तो मोहात पाडतो. परंतु तो वापरला की डेटाबेसमधील पत्रे टीईआयची राहत नाहीत आणि त्या बाहेर काढून इतरांना देता येत नाहीत. तुमच्या संग्रहासाठी तो मी कधीही वापरणार नाही.

याच्या जोडीने मोकळ्या जागांबद्दल सावध करते, कारण तुमची मार्गदर्शिका जुनी आहे. दहाव्या आवृत्तीपूर्वी 'चॉप' नावाचा पर्याय आपोआप चालू असे आणि तो मजकुराच्या तुकड्यांच्या मागच्यापुढच्या मोकळ्या जागा छाटून टाकत असे. तक्त्यासारख्या डेटाला त्याचा फायदाच होतो, पत्रांना मात्र तो घातक ठरतो. एका पत्रात व्यक्तीचे नाव आणि आडनाव दोन वेगळ्या घटकांत आहे आणि मध्ये केवळ एक मोकळी जागा आहे, असे समजा. छाटणीनंतर ती जागा जाते आणि नाव-आडनाव एकमेकांना चिकटून एकच शब्द होतो. ओळीच्या मध्ये आलेल्या प्रत्येक चिन्हांकित शब्दाचे असेच होते. आता या पर्यायाचे नाव 'स्ट्रिपडब्ल्यूएस' आहे आणि तो आपोआप बंद असतो. तो तसाच राहू द्या आणि मार्गदर्शिकेत त्याच्याविषयी काहीही लिहिलेले असले, तरी मनावर घेऊ नका.


जावावाट
(उत्तर)

तारखेच्या दुरुस्तीचे सांगतो. सर्व्हर ही एक जावा प्रक्रिया आहे आणि खिडकी ही दुसरी. दोन्ही प्रक्रियांनी एकाच वेळी एकाच डेटाबेसमधून वाचले, तर चालते. परंतु एकीने तो उघडलेला असताना दुसरीने त्यात लिहू पाहिले, तर बेसएक्स नकार देते, कारण दोघांमध्ये समन्वय साधणारे तिसरे कोणी नसते. हा नकार तुमच्या पत्रांच्या रक्षणासाठीच आहे. सर्व्हर चालू असताना सर्व दुरुस्त्या सर्व्हरमार्फतच कराव्यात, म्हणजे डीबीएच्या पानावरून किंवा टर्मिनलवरील 'बेसएक्सक्लायंट'मधून. तेथे कितीही जण एकाच वेळी आले, तरी वाचन आणि लेखन यांचा क्रम सर्व्हर स्वतः लावतो. खिडकी वापरायची असेल, तेव्हा सर्व्हर बंद करावा.

आता एक गोष्ट पुढची दुरुस्ती करण्यापूर्वी वाचावी अशी कळकळीची विनंती आहे. डेटाबेसमध्ये बदललेली तारीख तुमच्या मूळ फायलीत बदलत नाही. डेटाबेस बांधताना फायलींची प्रत आत घेतली जाते आणि त्यानंतर दोघांचा संबंध उरत नाही. आज डेटाबेसमध्ये वीस दुरुस्त्या केल्या आणि महिन्याभराने मूळ फायलींवरून तो पुन्हा बांधला, तर त्या वीसही दुरुस्त्या नाहीशा होतील. म्हणून आताच ठरवा, की प्रमाण प्रत कोणती. माझे मत असे, की फायली हीच प्रमाण प्रत असावी, दुरुस्ती फायलीत करावी आणि ती एक फाइल 'पुट' या आज्ञेने डेटाबेसमध्ये बदलावी. नवव्या आवृत्तीपर्यंत या आज्ञेचे नाव 'रिप्लेस' होते. दुरुस्त्या डेटाबेसमध्येच करायच्या असतील, तर ठरावीक दिवसांनी 'एक्स्पोर्ट' करून फायली बाहेर काढाव्यात. मात्र नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये काढाव्यात, कारण त्याच नावाच्या जुन्या फायलींवर ही आज्ञा सरळ लिहिते.


अनुक्रमणी
(उत्तर)

जावावाट यांच्या म्हणण्याला एक पुरवणी. दुरुस्तीनंतर एखादा शोध अचानक मंदावल्यासारखा वाटला, तर घाबरू नका. मजकूर आणि गुणधर्म यांच्या अनुक्रमणिका बेसएक्स आपोआप बांधते, परंतु डेटाबेसमध्ये बदल झाला की त्या जुन्या ठरतात आणि 'ऑप्टिमाइझ' ही आज्ञा देईपर्यंत वापरल्या जात नाहीत. प्रत्येक दुरुस्तीनंतर ती देण्याची गरज नाही, दिवसाचे काम संपल्यावर एकदा दिली तरी पुरे. शब्दांच्या शोधासाठी लागणारी 'एफटीइंडेक्स' मात्र आपोआप बांधली जात नाही. ती हवी असल्यास डेटाबेस बांधण्यापूर्वी 'सेट एफटीइंडेक्स ट्रू' द्यावे.

अनुक्रमणिका खरोखर वापरली जाते आहे का, हे पाहायचे असेल, तर खिडकीतील माहितीच्या चौकटीत प्रश्नाचे रूपांतर वाचा. स्थलनाम बरोबरीच्या चिन्हाने ताडून पाहिले असेल, तर मजकुराची अनुक्रमणिका लावल्याची ओळ तेथे दिसते. तोच प्रश्न 'कंटेन्स' वापरून लिहिला, तर ती ओळ नाहीशी होते आणि बेसएक्स सर्व स्थलनामे एकामागून एक तपासते.


पत्रसूची
(प्रश्नकर्तीचा प्रतिसाद)

नेमस्पेस जाहीर केला आणि स्थलनामांची यादी आली. फायली हीच प्रमाण प्रत ठेवायचे ठरवले आहे. ती चुकलेली तारीख आता फायलीत दुरुस्त केली, सर्व्हर चालू ठेवूनच 'बेसएक्सक्लायंट'मधून 'पुट' दिले आणि डीबीएच्या पानावर त्या पत्राची नवी तारीख दिसली. सुटी जार आणि होम फोल्डरमधील जुना डेटाबेस, दोन्ही काढून टाकले आहेत.